अम्मीची पोवळ्याची माळ

मागच्या वर्षी आमची अम्मी अल्लाहला प्यारी झाली. कफन-दफनाचा खर्च, दुधवाल्याची आणि औषधवाल्याची उधारी चुकती केल्यावर महिनाभराने आम्ही चौघे भावंडे तिचे लोखंडी कपाट उघडून बसलो. आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ. अब्बा आधीच गेलेले. वाटणीचा हिशेब सरळ होता. एकूण पाच हिस्से, त्यातले दोन भाईजानचे आणि आम्हा बहिणींचा प्रत्येकी एक. सोन्याच्या चार बांगड्या, कानातले, चांदीचे पानदान, हे सारे काट्यावर ठेवले की प्रश्न मिटत होता. अडले ते एका लाल माळेवर.

माळेत ४३ लाल मणी होते आणि अधूनमधून ओवलेले १४ सोन्याचे मणी. ही माळ नानीची. नाना बोटीवर खलाशी होते, कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले पुरुष होते तसेच. त्यांनी ती कुठल्याशा बंदरातून आणली, एवढेच अम्मी सांगायची. अब्बा आरेच्या डेअरीत नोकरीला होते. आरे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आमचे बालपण गेले. ईदच्या सकाळी अम्मी न्हाऊन, पांढरी ओढणी घेऊन ही माळ घालायची. बाहेर तबेल्यांचा वास, दारात प्राजक्ताचा सडा आणि त्या फुलांच्या देठांच्या रंगाची ही माळ. आमच्यासाठी ईद म्हणजे हे चित्र.

पण चित्राची वाटणी होत नाही, वस्तूची करावी लागते. भाईजान म्हणाले, "सोन्याचे मणी काढून वजन करू. लाल मणी ज्याला हवेत त्याने घ्यावेत." मधली बहीण म्हणाली, "खरे पोवळे असेल तर त्याची किंमत सोन्याच्या मण्यांहून जास्त निघेल. मग ते असेच कुणाला कसे द्यायचे?" दोघांच्याही बोलण्यात दम होता. खरे काय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

आम्ही दोन दुकानांत गेलो. पहिल्या दुकानदाराने माळ हातात घेतली, कडीजवळचे दोन-तीन मणी पाहिले आणि म्हणाला, "काच आहे. सोन्याचे पैसे घेऊन जा." दुसऱ्याने माळ गादीवर पसरली, मधले मोठे मणी निरखले आणि म्हणाला, "अस्सल माल आहे. विकायचा असेल तर आमच्याकडेच या." एकच माळ, एकाच दिवशी, दोन उत्तरे. त्या रात्री घरात थोडे चढ्या आवाजात बोलणे झाले. अम्मीच्या पश्चात तिच्या गळ्यातल्या मण्यांवरून आवाज चढावेत, याची आम्हा सगळ्यांनाच लाज वाटली. तेव्हा ठरवले की आधी ही वस्तू काय आहे ते शिकून घ्यायचे आणि मगच वाटणीचे बोलायचे. जे शिकलो ते इथे मांडतो आहोत. पोवळ्याचा एखादा तरी डाग बऱ्याच घरांत असतो, आणि ही वेळ आज ना उद्या प्रत्येक घरावर येते.

पोवळे म्हणजे काय?

मराठीत पोवळे किंवा प्रवाळ, हिंदी-उर्दूत मूंगा, अरबी-उर्दूत मरजान. हिरा, माणिक, पाचू हे खनिज खडे, जमिनीच्या पोटातून निघणारे. पोवळे समुद्रातून येते आणि ते एका जीवाचे घडवलेले असते. प्रवाळाचे जीव अगदी बारीक असतात. प्रत्येकाला फुलाच्या पाकळ्यांसारखे आठ हात असतात. हे जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि सगळ्यांना आधार म्हणून आतून एक कडक सांगाडा तयार करतात. तो झाडाच्या फांद्यांसारखा वाढतो. त्या फांद्या तासून आणि घासून मणी तयार होतात.

हा सांगाडा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपला ज्या पदार्थाचा त्याच पदार्थाचा. लाल रंग त्यातल्या सेंद्रिय रंगद्रव्यांमुळे येतो. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पोवळे मऊ असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌स मापावर हिरा १० वर आणि पोवळे साधारण साडेतीनवर. आणि कुठल्याही आम्लाने, अगदी लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरनेही, त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो.

आणखी एक गैरसमज. मालवणच्या समुद्रात किंवा लक्षद्वीपला पाण्याखाली दिसणारे प्रवाळ आणि दागिन्यातले पोवळे यांत फरक आहे. मालवणचे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात खडक बांधणारे. दागिन्याचे लाल पोवळे अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते, आणि त्याचे मुख्य घर भूमध्य समुद्र. तिकडच्या जातीचे शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. जपान आणि तैवानच्या समुद्रांत त्याचे भाऊबंद सापडतात. त्यातल्या जपानच्या गडद लाल पोवळ्याला बाजारात 'आका' म्हणतात.

ते वाढते फार सावकाश. भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याच्या फांदीची जाडी वर्षाला साधारण पाव मिलिमीटरने वाढते. अम्मीच्या माळेतले मणी आठ मिलिमीटरचे आहेत. मणी घडवताना बाहेरचा भाग घासून जातो, म्हणजे मूळ फांदी त्याहून जाड असली पाहिजे. एकेका मण्यामागे तीस वर्षांहून अधिक वाढ आहे. हे कळल्यावर माळ हातात घेताना आमचा हात आपोआप जपून पडू लागला.

मरजानचा प्रवास

कुरआनात सूरह अर-रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्या मोजताना मोत्याबरोबर मरजानचा उल्लेख येतो. तिथे मरजान म्हणजे नेमके काय, याबद्दल भाष्यकारांची दोन मते आहेत. काहींनी बारीक मोती असा अर्थ घेतला, काहींनी लाल पोवळे असा. उर्दूत आणि आपल्या बोलण्यात दुसरा अर्थ रूढ झाला. मुलींचे मरजाना हे नावही त्याच शब्दावरून आले आहे. अल-बिरुनीने रत्नांवर लिहिलेल्या ग्रंथात मोत्यांबरोबर पोवळ्यालाही जागा दिली आहे. युनानी हकीम 'कुश्ता मरजान' बनवतात, आयुर्वेदात प्रवाळ भस्म आणि प्रवाळ पिष्टी आहे. (औषध म्हणून काही घ्यायचे तर जाणकाराला विचारूनच घ्यावे. घरातले मणी कुटून तर मुळीच नको.)

हे पोवळे आपल्याकडे कसे आले, ही गोष्ट मोठी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तीत पोवळे आहे. रोमन लेखक प्लिनीने नोंदले आहे की रोमन लोकांना मोत्याची जेवढी हौस, तेवढी हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याची. पुढे अरब भूगोलकारांनी उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची पोवळ्याची ठिकाणे टिपून ठेवली. आज अल्जिरियात असलेल्या एका बंदराला ते 'मरसा अल-खरज', म्हणजे मण्यांचे बंदर, असेच म्हणत. बाराव्या शतकातला भूगोलकार अल-इद्रिसी याने सबता शहरातल्या पोवळे घडवणाऱ्या कारागिरांबद्दल लिहिले आहे.

अठराव्या शतकातली एक हकिकत आपल्या किनाऱ्याची आहे आणि आमच्या विषयाला फार जवळची आहे. इटलीतल्या लिव्हर्नो बंदरात एर्गास आणि सिल्व्हेरा नावाची यहुदी पेढी होती. ती भूमध्य समुद्रातले पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवी. गोव्यात कामत घराण्यातले सारस्वत व्यापारी ते विकत आणि बदल्यात हिंदुस्थानातले हिरे परत पाठवत. या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मध्ये महासागर. माल वर्षभराने पोचणार, उत्तर त्यानंतर केव्हातरी येणार. सारा व्यवहार पत्रांवर आणि शब्दावर चालला. माल जसा आहे तसाच पत्रात लिहायचा, या एका गोष्टीवर तो उभा होता. इतिहासकार फ्रांचेस्का त्रिवेल्लातो यांनी ही पत्रे अभ्यासून यावर ग्रंथ लिहिला आहे. हे वाचताना आम्हाला आमचीच आठवण झाली. परके लोक महासागरापलीकडून एकमेकांवर भरवसा ठेवत होते, आणि आम्ही एका आईची चार लेकरे एका माळेवरून एकमेकांकडे तिरके पाहत होतो.

आज पोवळे घडवण्याचे मोठे केंद्र म्हणजे इटलीतले नेपल्सजवळचे, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याचे तोरे देल ग्रेको. तिथे १८७८ मध्ये पोवळ्याच्या कामाची शाळा निघाली. एकोणिसाव्या शतकात त्या गावाच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. नानांची बोट त्या बाजूला लागली होती का, हे सांगणारे आज कुणी नाही.

आपल्याकडे हिंदू शेजाऱ्यांमध्ये मंगळ ग्रहासाठी पोवळे अंगठीत घालतात. कोकणात आणि गोव्यात सारस्वत घरांच्या मंगळसूत्रात ते ओवले जाते. आपल्या घरांत ते शोभेसाठी घालावे. मणी नशीब बदलतो किंवा संकट टाळतो, असे मानून नव्हे. शोभेची वस्तू शोभेची म्हणून घातली की ती खरी आहे का, हा प्रश्नही शांतपणे विचारता येतो. भीतीने किंवा आशेने खरेदी करणारा माणूस फसायला लवकर तयार होतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

आरेच्या दारातली ओळख

आरे कॉलनी म्हटले की लोकांना झाडे, म्हशी आणि छोटा काश्मीर आठवतो. शहरातल्या म्हशी बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दूध वसाहत उभी राहिली. अब्बांसारख्या शेकडो माणसांची घरे तिने चालवली. पण आरेच्या हद्दीला लागूनच अंधेरीची सीप्झ आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रातून दागिने परदेशी जातात. मरोळ आणि मरोशीकडच्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली तिथे खडे बसवायला, पॉलिशला आणि तपासणीला जातात. आमच्या शेजारचा एक मुलगा तिथे खडे बसवण्याचे काम करतो. ज्या माळेसाठी आम्ही दुकाने फिरलो, तिची पहिली खरी ओळख आमच्या ओट्यावर झाली.

त्याने खिशातून आयग्लास काढला. आयग्लास म्हणजे डोळ्याला लावायचे छोटे भिंग, वस्तू दहा पट मोठी दाखवणारे. एकेक मणी फिरवून पाहत तो म्हणाला, "चाची, यात दोन जातीचा माल आहे. मधले मणी बघा." आम्हीही पाहिले. मधल्या मण्यांवर अगदी बारीक, एकमेकींना समांतर रेषा दिसत होत्या, लाकडाच्या रेषांसारख्या पण फार नाजूक. भोकाच्या बाजूने पाहिले तर त्याच रेषा वर्तुळात. एखाद्या मण्यावर टाचणीच्या टोकाएवढा खळगा, कुठे रंग जरा फिका. कडीजवळच्या मण्यांवर मात्र एकही रेष नव्हती. रंग सगळीकडे सारखा, भोकाच्या कडेला काचेचा धारदार टवका आणि पृष्ठभागावर फुटलेल्या बुडबुड्यांचे गोल खळगे.

"मी नक्की सांगणार नाही," तो म्हणाला. "लॅबमध्ये दाखवा. लेखी घ्या." त्याचे हे बोलणे आम्हाला फार आवडले. जाणकाराची खूण हीच, की आपल्याला किती दिसते आणि किती नाही हे तो सांगतो.

त्याने आणखी काही गोष्टी समजावल्या, त्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत.

प्लास्टिकचा मणी हातात हलका लागतो. आठ मिलिमीटरचा पोवळ्याचा मणी सुमारे ०.७ ग्रॅम, म्हणजे साडेतीन कॅरेट भरतो. प्लास्टिकचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. काचेचे वजन मात्र पोवळ्याच्या जवळपास असते, म्हणून नुसत्या वजनाने काच पकडता येत नाही.

आजकाल सर्वांत जास्त फसवणूक रंगवलेल्या बांबू पोवळ्याने होते. ते प्रवाळच असते, पण वेगळ्या आणि स्वस्त जातीचे, मुळात पांढरट. त्याला लाल रंग पाजतात. त्याच्या रेषा ठळक आणि जाड असतात, रंग त्या रेषांत आणि भोकात साचलेला दिसतो. विकणारा "हे प्रवाळच आहे" म्हणतो तेव्हा तो अर्धे खरे बोलतो. स्पंज पोवळे नावाचाही एक प्रकार आहे. त्यात छिद्रे असतात आणि ती राळेसारख्या पदार्थाने भरलेली असतात. रंगवलेले हाड आणि रंगवलेला शिंपलाही पोवळे म्हणून विकला जातो.

घरी प्रयोग करू नयेत. लिंबू पिळून, तापलेली सुई टोचून किंवा दगडावर घासून पाहण्याचे उपाय लोक सांगतात. लिंबाने खरा मणीच खराब होतो आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या खोट्याला काही होत नाही. म्हणजे परीक्षेत जो खरा निघाला त्याचेच नुकसान.

बारा मणी

मग एका सकाळी आम्ही चौघे निघालो. आता आरे जेव्हीएलआर स्थानकात मेट्रोत बसले की ती थेट काळबादेवीला, झवेरी बाजाराच्या दारात सोडते. याच मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ मध्ये आरेतली झाडे रातोरात तोडली गेली होती. ज्या झाडांखाली आम्ही खेळलो ती वाढायला जेवढा काळ लागला, तेवढाच एका मण्यालाही लागतो, हा विचार गाडीत बसल्यावर मनात आला.

मुंबईत रत्नांची तपासणी करणाऱ्या संस्था आहेत, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही त्यातली जुनी. कुणीही सामान्य माणूस फी भरून आपला दागिना दाखवू शकतो, व्यापारीच असावे लागते असे नाही. आम्हीही अशा एका प्रयोगशाळेत माळ दिली आणि सगळे मणी तपासायला सांगितले. काही दिवसांनी लेखी अहवाल मिळाला. ३१ मणी नैसर्गिक पोवळे, रंग न दिलेले. १२ मणी काच.

घरी येऊन आम्ही माळ चटईवर ठेवली. बाराही काचेचे मणी एका ओळीत होते, कडीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा. गळ्यात घातल्यावर मानेमागे, ओढणीखाली जाणारे. आता दोन दुकानांची दोन उत्तरेही उलगडली. एकाने कडीकडची बाजू पाहिली होती, दुसऱ्याने मधली. दोघांनीही खोटे सांगितले नव्हते. दोघांनी अर्धीच माळ पाहिली होती.

पण मग बारा मणी गेले कुठे? भाईजान लगेच म्हणाले, "पटवेकऱ्याने हात मारला. अम्मी माळ गाठवायला द्यायची ना दर काही वर्षांनी? बाई एकटी पाहिली आणि बदलले." आम्हालाही तसेच वाटले. खरे सांगायचे तर वाटले नाही, आम्ही ते धरूनच चाललो. कोण तो, कुठे बसायचा, कुणी पाहिला होता का, हे आठवू लागलो. एका माणसाला आम्ही न पाहता, न विचारता चोर ठरवून टाकले होते.

रत्नागिरीच्या खालाला फोन केला तो केवळ त्या पटवेकऱ्याचा पत्ता विचारायला. खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला काही बोलू नका. तुमच्या अम्मीनेच काढले ते."

गोष्ट २००१ ची. अब्बांच्या आजारपणात घरातले पैसे संपले होते. आमच्यापैकी एकीला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत जवळ आली होती. अम्मी खालाला घेऊन बाजारात गेली. पोवळ्याचे बारा मणी काढून विकले. मग माळ पटवेकऱ्याकडे नेली आणि म्हणाली, "बारा लाल मणी घाल, माळ भरलेली दिसली पाहिजे. ईदला पोरांनी विचारायला नको." त्यानेच सुचवले की काचेचे मणी मागे घालू, पदराखाली झाकतील, पुढे सगळे खरेच राहतील. त्याने फक्त दोऱ्याचे आणि काचेचे पैसे घेतले, गाठवण्याची मजुरी घेतली नाही. त्याचे नाव खालाला आठवत नाही. अम्मीने खालाकडून वचन घेतले होते की मुलीला कळू द्यायचे नाही, तिला ओझे वाटेल.

त्या फीवर जी शिकली तिने पुढे चोवीस वर्षे वर्गात उभे राहून मुलांना शिकवले, आणि आज ती हा लेख लिहिते आहे. ईदच्या दिवशी ती माळ तिने किती वेळा पाहिली असेल. मागून कधी पाहिली नाही.

भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पटवेकऱ्यासाठी दुआ करा. आणि माझ्यासाठीही." आम्ही सगळ्यांनीच माफी मागितली, ज्याची मागायची तो समोर नसताना.

वाटणी कशी केली

कुणाच्या मनात येईल की मग त्या बहिणीच्या हिश्शातून बारा मणी वजा व्हायला हवेत. हा प्रश्न आमच्याकडेही निघाला, आणि तो तिनेच काढला. आम्ही एका आलिमांना विचारले. ते म्हणाले, आईने हयातीत स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून मुलीच्या शिक्षणावर खर्च केला तो खर्च झाला. वारसा असतो तो मृत्यूच्या वेळी जे मालकीचे होते त्याचा. आधी दफनाचा खर्च आणि कर्ज, मग मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत असेल तर ती, आणि उरेल त्याची वाटणी. वस्तू छोटी की मोठी याने नियम बदलत नाही. बहिणीचा हिस्सा देताना "हे तर मणी आहेत" असे म्हणून ते वाटणीबाहेर ठेवणे बरोबर नाही, हेही त्यांनी सांगितले.

मग आम्ही असे केले. सोन्याचे १४ मणी आणि बाकीचे सोने एकत्र वजन करून त्या दिवसाच्या भावाने किंमत काढली. प्रयोगशाळेच्या अहवालात किंमत नसते, फक्त ओळख असते. म्हणून तो अहवाल दाखवून ३१ मण्यांची किंमत दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढून घेतली आणि त्यांची सरासरी धरली. सगळ्याची बेरीज करून पाच हिस्से पाडले. माळ धाकट्या बहिणीने आपल्या हिश्शात घेतली, बाकीच्यांनी बांगड्या आणि कानातले. जिथे थोडा फरक पडला तिथे रोख दिले-घेतले. सगळे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. अर्ध्या दिवसात काम झाले. जे दोन महिने अडले होते ते एका कागदाने सुटले, कारण आता सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती.

काचेच्या बारा मण्यांना कुणी किंमत लावली नाही. माळ नव्याने गाठवून घेताना ते काढले, आणि सगळ्यांच्या रजामंदीने तीन-तीन वाटून घेतले. त्या वाटणीत भावाला आणि बहिणींना सारखेच मिळाले.

घेताना, जपताना, विकताना

तुमच्या घरी पोवळ्याचा दागिना असेल किंवा मुलीच्या लग्नासाठी घ्यायचा असेल, तर आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नसतो. दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक आहे म्हणून त्यातले पोवळे खरे, असे नाही. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन आणि पोवळ्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्या. नाहीतर पोवळे सोन्याच्या भावाने तोलले जाते आणि विकताना तेच वजन घट म्हणून वजा होते.

दोन, बिलावर "नैसर्गिक पोवळे, रंग न दिलेले" असे शब्द मागा. नुसते "पोवळे" किंवा "कोरल" लिहिले असेल तर त्यात बांबू पोवळेही बसते. दुकानदार लिहून द्यायला कचरत असेल तर तेच उत्तर समजा. आणि आपल्यापैकी जे व्यापारात आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की मालातला दोष न सांगता विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. रंगवलेला माल रंगवलेला म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही.

तीन, जकात. पोवळे, मोती, खडे हे वापरासाठी असतील, व्यापारासाठी नसतील, तर त्यांच्यावर जकात नाही. सोन्याचा हिशेब वेगळा. अंगावर घालण्याच्या सोन्याच्या दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई मत सारखे नाही, म्हणून आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. त्यासाठीही सोन्याचे वेगळे वजन माहीत असावे लागते.

चार, जपणूक. अत्तर, पावडर, केसांचे तेल सगळे लावून झाल्यावर शेवटी पोवळे घालावे आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावे. घाम आणि अत्तर दोन्ही त्याची चमक घालवतात. मऊ ओलसर फडक्याने पुसून, सुकवून, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. सोन्याच्या बांगड्यांबरोबर एका डबीत ठेवले तर त्यावर ओरखडे पडतात. दुकानातल्या यंत्राने, वाफेने किंवा रसायनाने धुवायला देऊ नका. दोरा दर काही वर्षांनी बदलून, दोन मण्यांमध्ये गाठ मारून घ्या. एक दोरा तुटला तर एकच मणी पडतो, सगळे घरंगळत नाहीत. गाठवायला देताना मणी मोजा आणि फोटो काढा. संशय म्हणून नव्हे, पुढे कुणावर संशय येऊ नये म्हणून.

पाच, समुद्रावर फिरायला जाल तेव्हा प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. २००१ पासून आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, सागरी पंखे हे सारे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम निघाले तेव्हा २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळचे प्रवाळ जपून दुसरीकडे हलवावे लागले होते. भूमध्य समुद्रातही आता बंधने आहेत. समुद्रतळ खरवडून पोवळे काढण्याचे जुने अवजड साधन युरोपने १९९४ मध्ये बंद केले. पुढे ५० मीटरहून उथळ पाण्यात पोवळे काढायला बंदी आली आणि ७ मिलिमीटरपेक्षा बारीक फांदी तोडू नये असा नियम झाला. म्हणून नवे घेण्यापेक्षा घरातले जुने जपणे, दुरुस्त करून पुन्हा घालणे केव्हाही बरे. जुने पोवळे निस्तेज झाले असेल तर ते पुन्हा पॉलिश होते.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. आईवडील हयात असताना त्यांच्याजवळ बसा आणि दागिन्यांची माहिती लिहून ठेवा. कुठला डाग कुणी दिला, कधी घेतला, कधी दुरुस्त केला, काही बदलले का. हे विचारताना लालच दिसेल अशी भीती वाटते, आम्हालाही वाटत होती. पण वस्तूची गोष्ट विचारली की माणसाची गोष्ट कळते. आम्ही अम्मीला वेळेवर विचारले असते, तर तिने कदाचित सांगितले नसते. पण तिचे आभार मानायची संधी आम्हाला मिळाली असती, आणि एका अनोळखी, भल्या कारागिरावर आम्ही मनातल्या मनात आळ घेतला नसता.

यंदाच्या ईदला धाकटीने ती माळ घातली. आता ती आधीपेक्षा आखूड झाली आहे, गळ्याला लागून बसते. पुढून पाहा की मागून, एकतीसच्या एकतीस मणी खरे आहेत. आमचे तीन मणी आमच्या टेबलाच्या खणात, वहीच्या शेजारी आहेत.

अल्लाह आमच्या अम्मीची मग्फिरत करो, आणि त्या पटवेकऱ्याला, तो जिथे असेल तिथे, त्याच्या मजुरीचा मोबदला देवो. आमीन.